‘समटाइम्स’ म्हणजे शंभरात किती?

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि वर्गांच्या भिंतींवर एक तक्ता हमखास असतो. सर्वांत वर ‘ऑलवेज’, त्यापुढे १०० टक्के. खाली ‘युज्वली’ ९०, ‘ऑफन’ ७०, बरोबर मध्यावर ‘समटाइम्स’ ५०, मग ‘ऑकेजनली’, ‘सेल्डम’, ‘रेअरली’ अशा उतरत्या पायऱ्या आणि तळाला ‘नेव्हर’, शून्य टक्के. पुस्तकागणिक आकडे पाच-दहाने इकडचे तिकडे होतात, पण ‘समटाइम्स’ बहुतेक तक्त्यांत मधल्या पायरीवरच बसलेला दिसतो. मुलं तो पाठ करतात, गाळलेल्या जागा भरतात आणि पुढे ईमेल लिहिताना आयुष्यभर त्याच पायऱ्या चढत-उतरत राहतात.

तक्ता नीटनेटका आहे. पण ज्यांची ही भाषा आहे त्यांनाच विचारायला गेलं, की तो डळमळू लागतो.

१९४४ मध्ये रे सिम्पसन या अमेरिकी संशोधकाने नेमकं हेच केलं. शाळा-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना त्याने वीस शब्द आणि शब्दसमूह दिले आणि विचारलं, हा शब्द वापरला तर शंभरातल्या किती वेळा असं तुमच्या मनात येतं? सगळी उत्तरं चढत्या क्रमाने लावून त्याने प्रत्येक शब्दाचं अगदी मधलं उत्तर काढलं. १९६८ मध्ये मिल्टन हेकेल या मानसशास्त्रज्ञाने तोच प्रयोग पुन्हा केला. दोघांचे आकडे शेजारी ठेवले की गंमत कळते. ‘युज्वली’ सिम्पसनकडे ८५, हेकेलकडे ७९. ‘ऑफन’ ७८ आणि ७४. ‘फ्रीक्वेंटली’ ७३ आणि ७२. तळाकडे ‘सेल्डम’ १० आणि ९, ‘रेअरली’ दोन्हीकडे ५. चोवीस वर्षांनी, दुसऱ्या पिढीकडून आलेली ही उत्तरं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत.

आणि ‘समटाइम्स’? सिम्पसनकडे २०, हेकेलकडे २९. पन्नासाच्या आसपासही नाही. ‘ऑकेजनली’ त्याला जवळजवळ चिकटून: २० आणि २८. पन्नासावर दोन्ही याद्यांत एकच शब्दसमूह आहे, ‘अबाउट अ‍ॅज ऑफन अ‍ॅज नॉट’, आणि त्याचा अर्थच मुळी ‘जितक्या वेळा होतं तितक्याच वेळा होत नाही’ असा आहे. म्हणजे ‘निम्म्या वेळा’ सांगायला सुटसुटीत एकेरी शब्द त्या यादीत नाहीच. तिथे मोठी दरी आहे, आणि तक्ता छापणाऱ्यांनी ती रिकामी दिसू नये म्हणून ‘समटाइम्स’ला उचलून मध्ये बसवलं आहे. सिम्पसनच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑलवेज’लाही ९९ दिले होते, शंभर नाही, तरुण मुलांचा हा चिकित्सकपणा मला फार आवडतो.

दरी तिथेच का, याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. एखादी गोष्ट बहुतेक वेळा घडते किंवा फारशी घडत नाही, हे सांगण्यात बातमी असते. निम्म्या वेळा घडते यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि ज्या गोष्टीची माणसांना रोज गरज पडत नाही तिच्यासाठी भाषा सहसा सुटा शब्द घडवत बसत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. हे मधले आकडे आहेत. त्यांच्या मागे माणसामाणसांतला फरक दडलेला आहे, आणि हेकेलने त्यावरच बोट ठेवलं होतं. तोच शब्द एकाच्या मनात साठ असतो, दुसऱ्याच्या नव्वद. शिवाय तोच माणूस तोच शब्द दोन ठिकाणी वेगळा मोजतो. १९७४ मध्ये सुझन पेपर आणि लुबोमिर प्रिटुलाक या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला, त्याचं शीर्षकच होतं ‘समटाइम्स फ्रीक्वेंटली मीन्स सेल्डम’. त्यांनी ‘फ्रीक्वेंटली’ हा शब्द वेगवेगळ्या घटनांना जोडला. हॉलिवूडच्या काउबॉय चित्रपटांत ‘फ्रीक्वेंटली’ गोळीबार होतो असं म्हटलं तर ऐकणारे मोठा आकडा सांगत. कॅलिफोर्नियात ‘फ्रीक्वेंटली’ भूकंप होतात असं म्हटलं तर तोच शब्द कितीतरी खाली घसरे. भूकंप वर्षातून दोनदा झाला तरी तो ‘फार वेळा’ झाला असं आपणही म्हणू. काउबॉय चित्रपटात मात्र दोनच गोळ्या सुटल्या तर प्रेक्षक पैसे परत मागतील. शब्द ऐकताना माणूस आधी त्या घटनेकडून आपली अपेक्षा किती हे पाहतो आणि मग त्या अपेक्षेच्या वर-खाली आकडा बसवतो.

तरीही आकडे थोडे चुकले एवढाच माझा तक्त्यावरचा आक्षेप असता, तर हे प्रकरण लिहायची गरज नव्हती. नवे आकडे छापले की काम झालं असतं. खरी अडचण शिडीच्या कल्पनेतच आहे. हे सगळे शब्द एकाच प्रश्नाची कमी-जास्त उत्तरं आहेत, असं तक्ता गृहीत धरतो. तसं नाही. ‘युज्वली’ एका प्रश्नाचं उत्तर देतो, ‘ऑफन’ दुसऱ्याच, ‘फ्रीक्वेंटली’ तिसऱ्याच. एक शब्द काढून त्याजागी दुसरा बसवला की प्रमाण बदलतंच, पण त्याआधी प्रश्नच बदलतो.

‘युज्वली’पासून पाहू. एक गृहस्थ पुण्याहून मुंबईला महिन्यातून वीस वेळा जातात. आठ वेळा रेल्वेने, बारा वेळा गाडीने. ते ‘ऑफन’ रेल्वेने जातात हे वाक्य खरं आहे. आठ वेळा म्हणजे कमी नव्हे. पण ते ‘युज्वली’ रेल्वेने जातात हे वाक्य खोटं आहे. आता दुसरी बाई घ्या. आयुष्यात चारदाच विमानात बसल्या, तीनदा खिडकीची जागा घेतली. त्या ‘युज्वली’ खिडकीजवळ बसतात हे बरोबर. ‘ऑफन’ खिडकीजवळ बसतात म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, बाई सारख्या विमानातच असतात. ‘युज्वली’ला किती वेळा हे कळत नाही, एकूण प्रसंगांपैकी किती एवढंच कळतं. त्याचं काम भागाकाराचं. ‘ऑफन’चं काम मोजदादीचं, आणि ती मोजदाद अपेक्षेशी ताडून केलेली.

याची एक सोपी परीक्षा आहे. ‘व्हेरी ऑफन’ म्हणता येतं, ‘व्हेरी युज्वली’ म्हणता येत नाही. ‘हाउ ऑफन?’ हा प्रश्न इंग्रजीत दिवसभर कानावर पडतो, ‘हाउ युज्वली?’ असा प्रश्नच नाही. ‘ऑफन’ कमी-जास्त होतो, म्हणून त्याला ‘किती?’ विचारता येतं. ‘युज्वली’ म्हणजे रीत, परिपाठ. तो असतो किंवा नसतो. गंमत अशी, की ‘हाउ ऑफन?’ या प्रश्नात ‘ऑफन’चा अर्थ ‘पुष्कळदा’ असा उरतच नाही. ‘उंची किती?’ या प्रश्नात माणूस उंच असल्याचं जसं कोणी गृहीत धरत नाही, तसंच हे. म्हणून ‘हाउ ऑफन डू यू स्मोक?’ या प्रश्नाला ‘नेव्हर’ हे उत्तर चालतं.

‘फ्रीक्वेंटली’ला पुष्कळ लोक ‘ऑफन’चा सुटाबुटातला भाऊ समजतात. ते निम्मं खरं आहे. ‘ऑफन’ जुन्या इंग्रजीतून आलेला घरगुती शब्द, ‘फ्रीक्वेंटली’ लॅटिनमधून आलेला, कागदोपत्री शोभणारा. तरी त्याच्या अंगात एक वेगळी खोड आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘गर्दी असलेला’, ‘दाटीवाटीचा’. दोन वेळांमधलं अंतर थोडं, एकामागून एक, ही त्यातली भावना. आपण पदार्थविज्ञानात ‘फ्रीक्वेन्सी’ला ‘वारंवारता’ म्हणतो, ते म्हणूनच चपखल बसतं. ‘द ट्रेन्स रन फ्रीक्वेंटली’ म्हटलं की एक गेली तरी दुसरी लवकरच येणार असा दिलासा मिळतो. हात ‘फ्रीक्वेंटली’ धुवा म्हणजे थोड्या थोड्या वेळाने धुवा.

पण काही वाक्यांत काळच नसतो. अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस याने १९७५ मध्ये ‘अ‍ॅडव्हर्ब्ज ऑफ क्वांटिफिकेशन’ नावाचा निबंध लिहिला. त्यातला मुद्दा ऐकल्यावर सोपा वाटतो, पण त्याच्याआधी तो इतक्या स्पष्टपणे मांडला गेला नव्हता: हे शब्द वेळा मोजतात असं आपण समजतो, प्रत्यक्षात ते उदाहरणं मोजतात. वर्गसमीकरणाला ‘युज्वली’ दोन उकली असतात असं म्हटलं, तर त्याचा अर्थ ते समीकरण सोमवार ते शुक्रवार दोन उकली ठेवतं आणि शनिवारी एकीवर भागवतं असा होत नाही. बहुतेक वर्गसमीकरणांना दोन असतात, एवढाच अर्थ. लाल केसांच्या माणसांच्या चेहऱ्यावर ‘ऑफन’ ठिपके असतात, इथेही तेच. माणसं मोजली जातात, दिवस नाही. अशा वाक्यांत ‘ऑफन’, ‘युज्वली’, ‘समटाइम्स’ मजेत नांदतात. ‘फ्रीक्वेंटली’ थोडा अवघडतो, तरी डॉक्टर मंडळी आपल्या निबंधांतून त्याला सर्रास बसवतात. ‘रेग्युलर्ली’ मात्र मोडूनच पडतो. लाल केसांच्या माणसाला ‘रेग्युलर्ली’ ठिपके असतात म्हटलं, तर ते दर पौर्णिमेला उगवतात की काय, अशी शंका येईल.

‘रेग्युलर्ली’वर थोडं थांबायला हवं, कारण भारतीय इंग्रजीत त्याचा बळी फार जातो. तो ‘पुष्कळदा’ नव्हे, ‘ठरल्या अंतराने’. हॅलेचा धूमकेतू १९१० मध्ये आला, १९८६ मध्ये आला, आता २०६१ मध्ये येणार आहे. तो ‘रेग्युलर्ली’ येतो. ‘ऑफन’ मुळीच येत नाही. उलट, वळवाचा पाऊस एखाद्या मे महिन्यात सात-आठदा झोडपतो. तो ‘ऑफन’ आला, ‘रेग्युलर्ली’ नव्हे. ऑफिसात एखाद्याविषयी ‘ही इज ऑफन लेट’ लिहिलं तर ती तक्रार आहे. ‘ही इज रेग्युलर्ली लेट’ लिहिलं तर त्याच्या उशिराला वेळापत्रक असल्याचा आरोप आहे, आणि तो बऱ्यापैकी जास्त बोचतो.

‘जनरली’ आणि ‘नॉर्मली’ हे दोघे ‘युज्वली’च्या आळीतलेच. ‘जनरली’ची नजर रुंद, त्याला सर्वसाधारण चित्र सांगायचं असतं. ‘नॉर्मली’च्या पोटात बहुधा एक ‘पण’ असतो. ‘नॉर्मली वुई क्लोज अ‍ॅट एट’ असं दुकानदार म्हणाला, की आज काहीतरी वेगळं आहे हे ओळखावं.

आता शिडीच्या खालच्या अर्ध्या भागात उतरू. खरा कस इथे लागतो.

महिन्यातून एकदा दारू पिणारा एक माणूस आहे असं समजा. त्याच्याविषयी ‘ही ऑकेजनली ड्रिंक्स’ हेही खरं आणि ‘ही रेअरली ड्रिंक्स’ हेही खरं. ग्लासांची संख्या तीच. पण पहिलं वाक्य ऐकणाऱ्याला सांगतं, की तो पितो. दुसरं सांगतं, की तो पीत नाही म्हणा ना. मुलीसाठी स्थळ बघणारा मध्यस्थ कोणतं वाक्य वापरेल आणि विरोधी पक्षाचा काका कोणतं, हे सांगायला नकोच. पहिल्या वाक्यापुढे ‘तेव्हा सांभाळून’ जोडता येतं, दुसऱ्यापुढे ‘तेव्हा काळजी नको’. जोडण्या उलट करून पाहा, वाक्य लंगडेल. ग्लासगोमधल्या लिंडा मॉक्सी आणि अँथनी सॅनफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ अशा जोड्यांवर बरीच वर्षं काम करून हेच दाखवलं: असे शब्द संख्या सांगतात त्याहून जास्त ते लक्ष कुठे न्यायचं हे सांगतात. ‘अ फ्यू’ म्हटलं की आलेले लोक डोळ्यांपुढे येतात, नुसतं ‘फ्यू’ म्हटलं की न आलेले. ‘ऑकेजनली’ घडलेल्या वेळांकडे बोट दाखवतो, ‘रेअरली’ न घडलेल्या वेळांकडे. मराठीत ‘अधूनमधून घेतो’ आणि ‘क्वचितच घेतो’ यांत जे अंतर आहे, तेच हे.

इंग्रजी व्याकरण तर ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘हार्डली एव्हर’ यांना चक्क नकारात काढतं. वाक्यात ‘नॉट’ नसलं तरी त्यांच्यामागे येणारा छोटा प्रश्न होकारार्थी असतो: ‘ही रेअरली कम्स, डझ ही?’ ‘डझन्ट ही?’ नाही. वाक्याच्या सुरुवातीला ठेवले की क्रियापद उलटं फिरतं: ‘सेल्डम हॅव आय सीन सच अ क्राउड’, जसं ‘नेव्हर हॅव आय’. ‘समटाइम्स’ किंवा ‘ऑकेजनली’ सुरुवातीला ठेवले तर असं काहीही होत नाही. शिडीवर ‘ऑकेजनली’ आणि ‘सेल्डम’ शेजारी-शेजारी दिसतात, पण व्याकरणाने त्यांच्यामध्ये कुंपण घातलेलं आहे. त्याच कुंपणामुळे ‘सेल्डम, इफ एव्हर’ आणि ‘सेल्डम ऑर नेव्हर’ हे दोन्ही शुद्ध प्रयोग आहेत. आपल्याकडच्या अर्जांत दिसणारा ‘सेल्डम ऑर एव्हर’ हा त्या दोघांच्या टकरीतून झालेला अपघात.

‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ यांच्यात मात्र अर्थाचा फरक जवळजवळ नाही. आकडेही दहा आणि पाच. ‘सेल्डम’ अस्सल जुना इंग्रजी शब्द, जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘झेल्टन’ अजून रोजच्या वापरात आहे. ‘रेअरली’ लॅटिनकडून आला, तिथे मूळ शब्दाचा अर्थ ‘विरळ, पातळ’. आपण ‘असा माणूस विरळा’ म्हणतो तीच कल्पना. इतर जोड्यांत घरगुती शब्द बोलण्यात राहिला आणि लॅटिन शब्द कागदावर गेला. इथे उलटं झालं. आज इंग्रज माणूस बोलताना ‘सेल्डम’ म्हणाला तर तो थोडा पुस्तकी वाटतो. तो ‘हार्डली एव्हर’ म्हणेल, किंवा सरळ ‘नॉट ऑफन’.

‘नेव्हर’ आणि ‘हार्डली एव्हर’ यांच्यातल्या केसाएवढ्या फटीवर डब्ल्यू. एस. गिल्बर्ट या नाटककाराने एक अजरामर विनोद उभा केला आहे. १८७८ च्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’ या संगीतिकेत जहाजाचा कप्तान खलाशांपुढे फुशारकी मारतो, की समुद्रावर आपल्याला मळमळ म्हणून कधीही होत नाही. खलाशी कोरसमध्ये विचारतात, कधीही नाही? पुन्हा ठामपणे नाही. पुन्हा विचारतात. मग कप्तान हळूच एक पायरी उतरतो आणि ‘हार्डली एव्हर’वर येतो. पुढच्याच वर्षी ‘द पायरेट्स ऑफ पेंझन्स’मध्ये गिल्बर्टने ‘ऑफन’लाही सोडलं नाही. मेजर-जनरल ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ असं म्हणतो, चाचे ‘ऑफन’ असं उत्तर देतात आणि त्याला तेही ‘ऑर्फन’च ऐकू येतं, कारण त्या काळच्या सुशिक्षित ब्रिटिश उच्चारात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत. शेवटी अर्थ वेगळा करून सांगण्यासाठी त्याला ‘फ्रीक्वेंटली’चा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे पुष्कळ जण ‘ऑफ्टन’ असा टी वाजवून उच्चार करतात. शब्दकोश आता दोन्ही उच्चार देतात, त्यामुळे तसं म्हणणाऱ्याला हसायचं कारण नाही. फक्त त्याच्यापुरता गिल्बर्टचा विनोद वाया जातो.

मराठी माणूस नेमका कुठे घसरतो, ते आता सांगतो. पहिली जागा ‘कधीतरी’. ‘कधीतरी घरी या’ यातला ‘कधीतरी’ म्हणजे पुढे एकदा, दिवस ठरलेला नाही. ‘कधीतरी चहा घेतो’ यातला म्हणजे अधूनमधून. मराठीत एकाच शब्दावर भागतं, इंग्रजीत पहिल्यासाठी ‘समटाइम’ आणि दुसऱ्यासाठी ‘समटाइम्स’ लागतो. ‘लेट अस मीट समटाइम्स’ असं निरोप घेताना लिहिणारा माणूस एका भेटीऐवजी भेटींची मालिका सुचवून बसतो. त्यातच ‘सम’ आणि ‘टाइम’ तोडून लिहिले की अर्थ होतो ‘काही काळ’. आणि ब्रिटिश पुस्तकाच्या मलपृष्ठावर कोणाची ओळख ‘समटाइम प्रोफेसर’ अशी दिसली, तर ते कधीकधी शिकवतात असं समजू नका. ते माजी प्राध्यापक आहेत.

दुसरी जागा ‘नेहमी’. आपला ‘नेहमी’ ऐसपैस आहे. ‘नेहमीचा भाजीवाला’ म्हणजे ज्याच्याकडून बहुतेक वेळा घेतो तो, एकही अपवाद नसलेला नव्हे. ‘नेहमीप्रमाणे’ला इंग्रजीत ‘अ‍ॅज युज्वल’ म्हणतात. ‘मी नेहमी ८.१० ची लोकल पकडतो’ याचं इंग्रजी करताना आपण सवयीने ‘ऑलवेज’ टाकतो. गप्पांत ते खपून जातं. जबानीत खपत नाही, कारण ‘ऑलवेज’ला खोटं ठरवायला एक दिवस पुरतो. ‘युज्वली’ला खोटं ठरवायला वकिलाला महिनाभराचा हिशेब मांडावा लागेल. दुसरीकडे हाच ‘ऑलवेज’ चालू वर्तमानकाळात गेला, की गणित सोडून कुरकुर करू लागतो. ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’ म्हणजे शंभर टक्के नव्हे, म्हणजे ‘सदान् कदा किल्ल्या हरवतो मेला’.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची: नकार कुठे ठेवायचा. ‘मी नेहमी बाहेर जेवत नाही’ या मराठी वाक्याचा अर्थ कधी जेवतो, कधी नाही. शब्दांचा क्रम तसाच ठेवून ‘आय ऑलवेज डोन्ट ईट आउट’ केलं, तर अर्थ सरकून ‘बाहेर कधीच जेवत नाही’च्या बाजूला जातो. हवं होतं ‘आय डोन्ट ऑलवेज’. पण म्हणून नकार नेहमीच पुढे आणावा असा नियम केला, तर ‘ऑफन’ दगा देतो. ‘आजोबा बऱ्याचदा गोळी घेत नाहीत’ म्हणजे पुष्कळ गोळ्या चुकतात. याला इंग्रजीत ‘ही ऑफन डझन्ट टेक इट’. क्रम उलटवून ‘ही डझन्ट ऑफन टेक इट’ लिहिलं, तर डॉक्टर समजतील की आजोबा गोळी जवळजवळ घेतच नाहीत. पहिल्या वाक्यात चौदापैकी सहा गोळ्या चुकलेल्या असतील, दुसऱ्यात बारा. ‘युज्वली’ला मात्र या क्रमाचं काही वाटत नाही; नकार आधी आला काय, नंतर आला काय, अर्थ जवळपास तोच राहतो. आणि ‘समटाइम्स’ नकाराच्या पोटात शिरायलाच तयार नसतो. ‘ही डझन्ट समटाइम्स कम’ हे वाक्य इंग्रज कानाला खटकतं. ‘समटाइम्स ही डझन्ट कम’ म्हणावं लागतं.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर जिथे अशा शब्दांवर माणसांचं काही अवलंबून असतं तिथे काय करतात ते पाहू. युरोपीय संघात औषधांच्या माहितीपत्रकावर दुष्परिणामांची वर्गवारी ठरवून दिलेली आहे. दहापैकी एकाला किंवा जास्त जणांना होणारा तो ‘व्हेरी कॉमन’. शंभरात एक ते दहात एक ‘कॉमन’. हजारात एक ते शंभरात एक ‘अनकॉमन’. दहा हजारांत एक ते हजारात एक ‘रेअर’. त्याहूनही कमी तो ‘व्हेरी रेअर’. सिम्पसनच्या विद्यार्थ्यांचा ‘रेअरली’ शंभरात पाच होता. औषध कंपनीचा ‘रेअर’ त्याच्या पन्नासाव्या भागाहूनही खाली. ब्रिटनमध्ये डायन बेरी, थिओ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हे शब्द दाखवून अंदाज विचारले, तेव्हा लोकांनी ठरलेल्या व्याख्येच्या कितीतरी पट जास्त धोका सांगितला. घाबरलेला रुग्ण गोळी बंद करतो, आणि त्याच्याकडून त्यात काहीच चूक झालेली नसते. त्याने रोजच्या इंग्रजीतला अर्थ लावला. पत्रकांत शब्दाशेजारी आकडा द्यायला लागणं हे त्यावरचं उत्तर आहे.

अमेरिकेत तर या दोन-तीन शब्दांवर माणसांचं पोट अवलंबून आहे. तिथलं सोशल सिक्युरिटी खातं अपंगत्वाचं वेतन देताना अर्जदार कोणतं काम करू शकतो हे तपासतं. १९८३ च्या त्यांच्या एका निर्णयात ‘ऑकेजनली’ म्हणजे कामाच्या वेळेच्या अगदी थोड्या भागापासून एक तृतीयांशापर्यंत, आणि ‘फ्रीक्वेंट’ म्हणजे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश असं बांधून दिलं आहे. बैठं काम म्हणजे आठ तासांत साधारण दोन तासांपर्यंत उभं राहणं किंवा चालणं. हलक्या कामात एका वेळी २० पौंडांपर्यंत वजन उचलावं लागतं आणि १० पौंडांपर्यंतचं ‘फ्रीक्वेंटली’, त्यासाठी सुमारे सहा तास पायांवर राहावं लागतं. डॉक्टरने प्रमाणपत्रावर ‘ऑकेजनली’ला काट मारून ‘फ्रीक्वेंटली’ लिहिलं, तर रोजच्या भाषेत फार काही बदललं असं वाटणार नाही. त्या फाइलीत मात्र माणूस दोन तासांवरून सहा तासांवर जातो.

आपल्याकडेही याचा एक चांगला नमुना आहे. हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणतं तेव्हा तो मोघम शब्द नसतो. त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, असा त्याला हिशेब आहे. बातमी ऐकणाऱ्या बहुतेकांना हा हिशेब माहीत नसतो, म्हणून खात्याची चेष्टा होते.

मानसोपचारातल्या प्रश्नावल्यांनी हाच प्रश्न दोन रीतींनी हाताळला आहे. १९८३ मध्ये शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी ताण मोजायला केलेल्या मापपट्टीत उत्तरं ‘नेव्हर’, ‘ऑलमोस्ट नेव्हर’, ‘समटाइम्स’, ‘फेअरली ऑफन’, ‘व्हेरी ऑफन’ अशी आहेत. २००१ मधली पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली मात्र या शब्दांच्या नादी लागत नाही. ती गेल्या दोन आठवड्यांपुरतं विचारते आणि पर्याय देते: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. मोजायचं एकक दिवस, हे प्रश्नातच ठरवून टाकलेलं. मला ही दुसरी रीत निःसंशय बरी वाटते, आणि भाषांतर करणाऱ्यालाही तीच सोपी: ‘समटाइम्स’ची मराठी करताना दहा जण दहा शब्द काढतील, ‘निम्म्याहून अधिक दिवस’ सगळीकडे तेवढेच राहतात.

तेव्हा इंग्रजीत गप्पा मारताना, गोष्ट लिहिताना हे शब्द खुशाल वापरा, त्यांच्या छटांची मजा घ्या. पण समोरचा डॉक्टर, वकील किंवा विमा कंपनीचा माणूस ‘हाउ ऑफन?’ असं विचारत असेल, तर ‘समटाइम्स’ म्हणून थांबू नका. गेल्या चौदा दिवसांत किती दिवस, ते सांगा.